होका आणि जालन्याचं लोखंड

"अरे, पण जीपीएस असताना होकायंत्र कशाला?"

गेल्या चार-पाच महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर तोंडपाठ झालंय. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच, कोड लिहून पोट भरणारे. एकानं तर फोन काढून त्यातलं कंपासचं अॅप दाखवलं आणि "फुकट आहे" असंही सांगितलं. तर मंडळी, या शनिवारी एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी जालन्याचा. आमच्याकडे पाणी म्हणजे मोती तलाव, आणि तोही पाऊस बरा झाला तर. समुद्र जवळजवळ चारशे किलोमीटरवर. पण नोकरी मुंबईत, आणि इथला एक मित्र मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. त्यानं नोकरी सोडून एक जुनी तेहतीस फुटी शिडाची यॉट घेतली. फायबरग्लासची आहे, खाली बिडाचा कील आहे आणि पोटात डिझेलचं छोटं इंजिन. शनिवार-रविवार आम्ही दोघं-तिघं तिच्यावर हमाली करतो. घासणं, रंगवणं, वायरी ओढणं. पाऊस संपला की मुंबईहून गोव्याला जायचं ठरलंय. शिडावर.

आता जीपीएसबद्दल. जीपीएस सांगतं तुम्ही कुठे आहात, आणि सरकत असाल तर कुठल्या बाजूला सरकताय. बोटीचं नाक कुठे आहे हे ते सांगत नाही. मोटारीत हा फरक कळत नाही, कारण गाडी नाकासमोरच जाते. शिडाची बोट वाऱ्यानं आणि प्रवाहानं तिरपी सरकत असते. त्यात वारा पडला, वेग दीड-दोन नॉटवर आला की जीपीएसचा कोर्सचा आकडा उड्या मारायला लागतो. उभ्या बोटीत तर त्याला दिशाच नसते. रात्री सुकाणू धरणाऱ्या माणसाला स्क्रीनवरचा उशिरा बदलणारा आकडा उपयोगाचा नसतो. त्याला हवी असते हळूहळू फिरणारी तबकडी, जिच्याकडे मधूनमधून नजर टाकायची आणि पुन्हा समोरच्या ताऱ्याकडे बघायचं. शिवाय बॅटरी बसणं, अँटेनात पाणी जाणं हे आहेच. २०२५ च्या जूनमध्ये होर्मुझच्या आसपास शेकडो जहाजांचं जीपीएस बिघडवलं गेलं होतं, हेही ताजं आहे.

आणि ज्यांना हे जुनाट वाटतं त्यांच्यासाठी: २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये जीपीएसला बंदीच होती. १९६८ साली जे उपलब्ध होतं तेवढंच वापरायचं, म्हणजे सेक्स्टंट, कागदी नकाशे आणि होकायंत्र. अभिलाष टॉमी त्या शर्यतीत ज्या 'थुरिया'वर होता ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. त्याच यार्डातून २००९ च्या फेब्रुवारीत 'म्हादेई' बाहेर पडली, आणि तिच्यावर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पहिले भारतीय. आमची गोव्याची फेरी म्हणजे त्यांच्या हिशेबात कोपऱ्यावरून दूध आणण्यासारखी आहे. पण दूध आणायलाही वाट माहीत लागते.

असो. तर होकायंत्र.

(कोकणात जुना शब्द नुसता 'होका'. मला तोच आवडतो. कंपास म्हटलं की अजूनही भूमितीची पत्र्याची पेटी आठवते.)

आमच्या बोटीवर एक होका होता. चक्राच्या पुढे जो अॅल्युमिनियमचा खांब असतो त्याच्या डोक्यावर बसवलेला. वरचा घुमट उन्हानं पिवळा पडून चिरा गेलेल्या, आतल्या तेलात लिंबाएवढा बुडबुडा. तो बदलायचाच होता. पण त्याआधी गंमत म्हणून आम्ही तपासून पाहिलं. बोट ओळखीच्या दोन खुणांच्या रेषेत आणली, नकाशावर त्या रेषेचा कोन मोजला, होका वाचला. अकरा अंशांचा फरक!

अकरा अंश म्हणजे काय? एका अंशाची चूक साठ मैलांवर साधारण एक मैल बाहेर नेते. अकरा अंश म्हणजे साठ मैलांवर अकरा मैलांपेक्षा जास्त. मुंबई-गोवा वाटेवर शेवटी वेंगुर्ला रॉक्स आहेत, समुद्रात उभे असलेले खडक. त्यावर दीपगृह आहे, पण दीपगृह तुम्हाला दिसलं पाहिजे ना, आणि अपेक्षित बाजूला दिसलं पाहिजे.

मित्र म्हणाला, जुना आहे, गेला असेल. माझ्यातला डिबगर मात्र जागा झाला. आम्ही तोच होका काढून लांब किनाऱ्यावर उघड्या मैदानात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवून पाहिला. अगदी बरोबर! म्हणजे आपलं ते नेहमीचं 'वर्क्स ऑन माय मशीन'. दोष यंत्रात नव्हता, यंत्र जिथे ठेवलं होतं तिथे होता.

गुन्हेगार लगेच सापडला. खांबाला धरायला एक पाइपचा गार्ड असतो, उलट्या यू आकाराचा. तो होक्याच्या दोन्ही बाजूंनी वीतभर अंतरावरून जातो. कुणीतरी पूर्वी मोडलेला गार्ड बदलताना चक्क साधा एमएसचा पाइप वाकवून, चंदेरी रंग मारून बसवला होता. तो काढला आणि फरक दोन अंशांवर आला.

इथे मला पहिल्यांदा कळलं की होका निवडणं हे काम लहान आहे. त्याची जागा निवडणं हे मोठं. निवडण्याचं थोडक्यात सांगतो. तबकडी मोठी हवी, कारण चक्र धरणारा माणूस मीटर-दीड मीटरवरून वाचतो, आणि मोठी तबकडी शांत फिरते. लहान बोटीवर तीन इंची चालते, आमच्या खांबाला पाच इंची बसते. पाच-पाच अंशांच्या ठळक रेघा पुरे. एकेक अंशाच्या रेघा शोरूममध्ये छान दिसतात, हलत्या बोटीत त्यांचा चिखल होतो. तीस अंश कलली तरी तबकडी अडकता कामा नये. दिवा लाल आणि मंद. बोटीच्या नाकाची दिशा दाखवणारी जी लबर लाइन असते, ती समोर तर हवीच, पण दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांवरही हवी. कारण शिडावर बोट कलली की सुकाणूवाला मधे उभा राहत नाही, वरच्या कडेला जाऊन बसतो आणि होका तिरका बघतो.

आणि एक गोष्ट, जी मला आधी मुळीच माहीत नव्हती. पृथ्वीचं चुंबकत्व आडवं नसतं, ते जमिनीत घुसतं. लंडनला ते सासष्ट अंशांच्या आसपास खाली झुकतं, मुंबई-अलिबागला पंचवीस ते तीस, आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळ शून्य. (थुंब्याला रॉकेट उडवायची जागा निवडली त्याचं एक कारण हेच.) त्यामुळे युरोपसाठी तोललेली तबकडी आपल्याकडे थोडी तिरकी बसू शकते. घेताना विचारायचं, कुठल्या भागासाठी तोललाय. एवढं केलं की निवड झाली.

आता जागा. ती दोनच गोष्टींनी ठरते, डोळे आणि लोखंड. डोळ्यांसाठी खांब उत्तम. लोखंडासाठी मात्र यादी करावी लागली. खाली-पुढे इंजिन. केबिनच्या भिंतीपलीकडे स्पीकर, म्हणजे चुंबकच. किचनमध्ये बिडाचा तवा (हो, डोशाचा). खिशातले फोन. आणि वायरी.

वायरींचं गणित तुम्हाला आवडेल. होक्यापासून दहा सेंटिमीटरवरून एकच वायर पाच अँपिअर घेऊन जात असेल तर तिचं क्षेत्र होतं दहा मायक्रोटेस्ला. मुंबईत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा भाग साधारण अडतीस. दोन्ही काटकोनात आले तर सुई जवळजवळ पंधरा अंश फिरते! दिवा लावला की उत्तर दिशा बदलली. उपाय हास्यास्पद सोपा. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना वेणीसारखी पिळायची, दोघींची क्षेत्रं एकमेकांना खातात. नेटवर्क केबलमध्ये आपण हेच रोज बघतो, फक्त कारण वेगळं.

यावरून एक गोष्ट आठवली. तुम्ही अलिबागला गेला असाल तर किनाऱ्याजवळ एक जुनी वेधशाळा दिसली असेल. आपण बीच बघतो, ती बघत नाही. चुंबकत्वाची मापं पूर्वी मुंबईत कुलाब्याला घेत. १८५९ चं ते प्रसिद्ध सौर वादळ कुलाब्याच्या नोंदींत सापडतं. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं आणि संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं की ट्रामच्या प्रवाहानं सुया बिघडणार. मग काय केलं? ट्राम धावायची वाट पाहिली नाही. १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, पोरबंदरचा दगड वापरून, लोखंड टाळून. आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मापं घेतली, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्यांशी सांगड बसावी. विजेची ट्राम आली मे १९०७ मध्ये. मायग्रेशन असं करतात! आपल्याकडे प्रॉडक्शन पडल्यावर मीटिंग लावतात. अलिबाग अजून चालू आहे, पनवेलची भूचुंबकत्व संस्था ते बघते.

तर आता प्रश्न राहिला गार्डचा. आणि इथे जालना आलं.

माझे वडील जालन्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड चालवतात. गेट, ग्रिल, जिन्याची रेलिंग, ट्रॉल्या. चाळीस वर्षं झाली. जालना म्हणजे बियाणं आणि सळया, सगळ्या महाराष्ट्राच्या स्लॅबमध्ये आमच्या गावचं लोखंड आहे. गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरतात म्हणून येत्या दिवाळीला बाबा शेड बंद करतायत. बेंडिंग मशीन विकून झालंय. मी त्यांना फोनवर सहज गार्डचं सांगितलं तर म्हणाले, "मी करतो की. कोणाला कामून द्यायलास?"

खरं सांगतो, मी गप्प झालो. बाबांनी समुद्र पाहिलाय तो गेटवेच्या कठड्यावरून. आणि लोखंडवाल्याच्या शेडमधून होक्याशेजारी बसायची वस्तू आणायची म्हणजे... मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, तयार विकत घेऊ, बाहेरून मागवू, कशाला त्यांना त्रास. त्याचा मुद्दा बरोबर होता. वीस अंश चुकीचा गार्ड आला तर नको कोण म्हणणार? मी? ज्या माणसानं माझी फी रेलिंग वाकवून भरली त्याला?

पण दुसऱ्या दिवशी बाबांचाच फोन. "ते यंत्र आधी माझ्याकडं आण. त्याला काय चालतंय ते त्यालाच विचारू."

नवा होका मांडीवर घेऊन मी देवगिरीनं जालन्याला गेलो. शेडमध्ये ठेवला, सुई शटरकडे वळली. घराच्या गच्चीवर ठेवला, चार पावलं सरकवला की उत्तर वीस अंश सरकायची, स्लॅबमधल्या सळया. बाबा हसायला लागले. "ह्या गावात ह्याला उत्तर सापडायची नाही." शेवटी काकांच्या मोसंबीच्या बागेत गेलो. तिथे बांधावरच्या काळ्या दगडापाशीही सुई जराशी ढळली, कारण आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. लहानपणी चुंबक मातीतून ओढून त्याला चिकटलेली काळी मिशी सगळ्यांनीच गोळा केलीय, तेच ते. बांधापासून लांब, दोन ओळींच्या मधे, प्लॅस्टिकच्या स्टुलावर होका ठेवला. बाबांनी खिशातल्या किल्ल्या, चष्म्याची केस, पट्टा सगळं काढून काकूंकडे दिलं. मोबाइलही. मला सांगायची वेळच आली नाही.

मग एकेक तुकडा आणायचा, होक्यापासून वीतभर अंतरावर धरायचा, मी आकडा वाचायचा.

एमएस: सुई धावलीच. २०२ स्टीलचा सरळ पाइप: काही नाही. ३०४ सरळ: काही नाही. बाबा म्हणाले, "म्हणून लोक फसतात. चुंबक नाही लागला की तीनशेचार म्हणून घेतात. २०२ ला बी नाही लागत. आणि दोन पावसाळ्यात ते गंजतंय." मग त्यांनी ३०४ चा वाकवलेला तुकडा धरला. सुई अडीच-तीन अंश हलली.

मी चकित. तोच पाइप, सरळ असताना निरुपद्रवी. बाबांना आश्चर्य नव्हतं. थंड वाकवलं की ३०४ वाकलेल्या जागी थोडं चुंबकी होतं, वेल्डलाही तसंच, हे त्यांना हातातल्या चुंबकावरून ठाऊक होतं. मी नंतर वाचलं की वाकवताना आतली स्फटिकरचना बदलून मार्टेन्साइट होतं, आणि वेल्डमध्ये थोडा फेराइट राहतो. त्यांना नावं माहीत नव्हती, जागा माहीत होत्या. संध्याकाळी शेडमध्ये त्यांनी तोच बाक गॅसवर नारिंगी होईपर्यंत तापवला, झटकन पाण्यात घातला. सकाळी पुन्हा बागेत. सुई जेमतेम थरथरली.

"मग असाच करू?" मी विचारलं.

"नाही. खारं पाणी हाय ना? ३१६ लागंल."

३१६ वाकवलं तरी सहसा चुंबकी होत नाही, आणि मिठाला जास्त टिकतं. संभाजीनगरहून ३१६ एलचा पाइप आणला. मशीन नव्हतं, म्हणून पाइपात कोरडी वाळू ठासून, दोन्ही टोकं बंद करून, तापवत तापवत वाकवला. मोठ्या त्रिज्येचे बाक, कुठेही चपटा नाही. वेल्ड सगळे खाली, पायाच्या पट्टीशी, होक्यापासून जितके लांब जातील तितके. दोन दिवस लागले. मी फक्त पाइप धरला. तयार गार्ड बागेत नेऊन स्टुलावरच्या होक्याभोवती सगळ्या बाजूंनी फिरवला, बसवायचा तसा धरला. सुई हलली असेलही, मला वाचता आली नाही. बाबा स्वतः वाकून पंधरा मिनिटं बघत होते. चष्मा काकूंकडे होता, त्यामुळे त्यांना काय दिसलं देव जाणे.

गार्ड बसला. नवा होका बसला. लबर लाइन कीलच्या रेषेशी समांतर करायला एक आख्खा रविवार गेला, दोरी ताणून, मधोमध खुणा करून. हे नीट केलं नाही तर सगळ्या दिशांना सारखीच चूक राहते आणि ती पुढे कुठल्याही चुंबकानं निघत नाही. स्पीकर केबिनच्या मागच्या कोपऱ्यात गेला. वायरी पिळल्या. तव्याची चाचणी घेतली, एक मीटरच्या पुढे असल्यानं काही फरक नाही, डोसे सुरक्षित.

गेल्या रविवारी होका फिरवून पाहिला. म्हणजे काय, तर बंदराबाहेर, मोठ्या जहाजांपासून लांब, बोट आठ दिशांना नेऊन प्रत्येक वेळी होक्याचा आकडा आणि खरा आकडा लिहायचा. मुंबईला चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, ही आपली चैन. केपटाउनला तो पंचवीस अंशांच्या आसपास आहे. खुणांसाठी प्रॉन्ग्जचं आणि खांदेरीचं दीपगृह वापरलं. जो तक्ता तयार होतो तो शुद्ध लुकअप टेबल असतो, मधल्या दिशांना इंटरपोलेट करा. आणि त्याचा आलेख काढला तर साइन-कोसाइनची बेरीज निघते, फूरियर मालिका, एकोणिसाव्या शतकात जहाजांवर हातानं सोडवलेली. कॉलेजात हे सांगितलं असतं तर मी वर्गात बसलो असतो.

आमचा तक्ता: उत्तर-दक्षिण शून्य, पूर्वेला दोन अंश एका बाजूला, पश्चिमेला दोन दुसऱ्या बाजूला. असा आकार आला की कारण बोटीच्या लांबीच्या रेषेत असतं, म्हणजे आमच्या बाबतीत इंजिन. होक्याच्या बुडाशी छोट्या चुंबकांचे दोन स्क्रू असतात, त्यांनी हे घालवता येतं. आम्ही हात लावला नाही. दोन अंश तक्त्यात लिहिलेले बरे. बोट कलल्यावर हे आकडे थोडे बदलणार, कारण खालचं इंजिन बाजूला जातं, ते गोव्याच्या वाटेवर बघू.

गार्ड काढूनही एक फेरी मारली. मित्रच म्हणाला, काढून बघू.

रात्री बाबांना फोन केला.

"किती आलं?"

"दोन अंश. पूर्व-पश्चिमेला."

"कशाचे?"

"इंजिनचे. गार्ड काढून पाहिलं, तेवढेच येतात."

"तेवढेच?"

"तेवढेच."

"बरं," ते म्हणाले. "घे, आईशी बोल."